तोरंगण घाट आणि माझे दोन पाय

आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांचं दुखण्याचं कॅलेंडर वेगळं असतं. दाढ दुखली, सुट्टीत दाखवू. चष्म्याचा नंबर वाढला, सुट्टीत बघू. छातीत जळजळतंय, पाठ धरली, गुडघा वाजतोय, सगळं वर्षभर जमवून ठेवायचं आणि गावी गेल्यावर आपल्या डॉक्टरांसमोर एकदम ओतायचं. इथे दवाखाने नाहीत असं नाही, चांगले आहेत. पण इथल्या डॉक्टरांना आपली प्रकृती कुठे माहीत, हे आमचं पालुपद. मीही त्यातलीच. या सवयीपायी माझा जीव जायचा तो थोडक्यात वाचला, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात आत्ता कुणाच्या पायांना मुंग्या येत असतील आणि विमानाची तिकिटं कपाटात असतील, तर एवढं वाचून उठा आणि आधी दवाखान्यात जा. बाकीचं परत आल्यावर वाचलं तरी चालेल.

सपाट देशातली चढण

मी नाशिकची. कुवेतमधून इराकी सैन्य गेल्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या नवऱ्याला, सतीशला, अहमदीत तेल कंपनीत नोकरी लागली आणि वर्षभरात मलाही लॅबमध्ये. कंपनीचं जुनं घर मिळालं, पुढे व्हरांडा, दारात झाडं. शाळा-कॉलेज मी सायकलवरच केलं होतं. इथल्या एका गोऱ्या बाईने देश सोडताना तिची गिअरची सायकल मला दिली आणि मला पुन्हा तोच नाद लागला.

कुवेतमध्ये डोंगर नाही. त्यातल्या त्यात अहमदी उंचवट्यावर आहे. फहाहीलकडून वर येताना जी बेताची चढण लागते, ती मी शुक्रवारी सकाळी, सगळं गाव झोपलेलं असताना, चार-चार वेळा चढायची. एक म्हातारा पोलीस मला दर शुक्रवारी पाहून पाहून शेवटी सलाम करायला लागला. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या, अगं घरात दोन गाड्या असताना हे काय डोहाळे. मी म्हणायचे, तुम्ही मॉलमध्ये चालता ना, तसंच समजा.

हा सगळा आटापिटा डिसेंबरातल्या सुट्टीसाठी असायचा. दर वर्षी मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू नाशिकहून सायकलने त्र्यंबक, तिथून तोरंगण घाट उतरून मोखाडा, मग जव्हार, आणि एक मुक्काम करून त्याच वाटेने परत. त्र्यंबक सोडलं की रहदारी संपते. एखादी एसटी, मोळ्या घेऊन चाललेल्या चार बायका, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली नागली. परतीला घाट चढताना वळणामागून वळण येत राहतं आणि आपल्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. तिथे मी कुणाची बायको नसते, आई नसते आणि कुणाच्या हाताखालची केमिस्टही नसते. वर्षातले तेवढे दोन दिवस मला पुरायचे.

ब्रेक

त्या वर्षी आमची मुलगी मुग्धा चौदा वर्षांची होती. नोव्हेंबरात माझं पोट बिघडलं, चार दिवसांत बरंही झालं. पुढे दोन आठवड्यांनी पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, बूट घट्ट झाले असतील. शुक्रवारी अहमदीची चढण चढताना पाय दोनदा पॅडलवरून घसरला. दुसऱ्या दिवशी लॅबच्या पायरीला अडखळले. तिसऱ्या दिवशी घरात, सपाट फरशीवर.

आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात गावाहून आणलेली औषधं असतात, प्रत्येक मराठी घरात असतात तशी. त्यातली व्हिटॅमिनची आणि कंबरेसाठीची अशा दोन गोळ्या मी स्वतःच स्वतःला लिहून दिल्या. सतीशने मला भिंत धरून चालताना पाहिलं आणि विचारलं. मी सांगितलं तसं तो म्हणाला, “परवा निघायचंच आहे ना. तिथे गेल्या गेल्या डॉक्टरांना दाखवू.” मी म्हटलं, तेच म्हणते मी. दोघंही शिकलेले, दोघंही शहाणे.

निघायच्या आदल्या दिवशी मी सायकल खोक्यात बांधून घ्यायला टॅक्सीने शुवैखला गेले. तिथे गॅरेजांच्या रांगेत हमीदभाईंचं सायकलचं दुकान होतं. हमीदभाई मूळचे श्रीवर्धनचे, वीस वर्षं कुवेतमध्ये, बोलायला कंजूष. खोक्यात घालण्यापूर्वी गिऱ्हाइकाने स्वतः ब्रेक दाबून बघायचा, हा त्यांचा नियम. नंतर कटकट नको. मी हँडल धरलं आणि ब्रेक दाबला. दांडी हलली नाही. मी म्हटलं, भाई, फार कडक झालाय. त्यांनी एका बोटाने दाबून दाखवला. मी पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी. दांडी तिथेच.

हमीदभाईंनी सायकल बाजूला केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

“ब्रेकला काय झालेला नाय, ताई,” ते म्हणाले. “तुमच्या हाताला झालाय.”

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. उद्या विमान आहे, नाशिकला आमचे डॉक्टर आहेत वगैरे. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

“इमान काय, जाईल नि परत येल. चला गाडीत बसा.”

गाडीत बसताना माझा पाय उचलेना. त्यांनी खाली वाकून तो दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. त्या माणसाने माझ्याकडे नजर वर करून पाहण्याचीही त्या दिवसापर्यंत कधी सलगी केली नव्हती. त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

एका दमात

हॉस्पिटलात तपासणारे डॉक्टर इजिप्तचे होते. त्यांनी छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यांवर ठोकलं आणि पाय उडाले नाहीत. पाठीतून पाणी काढलं. सतीश ऑफिसातून धावत आला तोवर निदान जवळजवळ झालं होतं. गियां-बारे नावाचा आजार. पोट बिघडल्यानंतर शरीराची फौज शत्रू सोडून आपल्याच नसांवर उलटते, एवढंच मला समजलं आणि तेवढं पुरेसं होतं. पायांकडून वर चढत जातं, छातीपर्यंत पोचलं तर श्वास अडतो. मग बहुतेक वेळा मागे फिरतं. केव्हा, ते सांगता येत नाही.

सतीशने विचारलं, उद्या विमानात बसली असती तर? डॉक्टर म्हणाले, परमेश्वराचे आभार माना की तो प्रश्न आता उरला नाही. 

माझ्या श्वासावर लक्ष ठेवायची पद्धत अगदी साधी होती. दर काही तासांनी नर्स येणार आणि म्हणणार, एका दमात मोठ्याने आकडे मोजा. पहिल्या दिवशी मी बत्तीसपर्यंत गेले. संध्याकाळी चोवीस. माझं सगळं आयुष्य आकडे तपासण्यात गेलेलं, त्यामुळे मला कुणी समजवायची गरज नव्हती. आमची नर्स लिसी, कोट्टयमची, तिला मराठी येत नव्हतं आणि मी हट्टाने मराठीतच मोजायची, म्हणून ती माझ्याबरोबर बोटं दुमडत मोजायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा आले. मी म्हटलं, चूक झाली, पुन्हा घेते. पुन्हा घेतले तर तेरा.

मला भीती वाटली का? वाटली, भयंकर वाटली. पण त्याहून जास्त राग आला. सहा महिने पहाटे उठून ज्या पायांवर आणि ज्या श्वासावर मी मेहनत घेतली होती, ते मला न विचारता निघून चालले होते. अकरावर मी अडकले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता नळी घालू. मी मान हलवली, कारण हलवायला तेवढंच उरलं होतं.

आईचं मराठी

मशीनवर मी अकरा दिवस होते. त्या दिवसांचं एकच सांगते, कारण ते तुमच्या उपयोगी पडेल: मशीनवरच्या माणसाला ऐकू येतं. सगळं ऐकू येतं. माझ्या उशाशी उभं राहून लोक माझ्याबद्दल जे बोलले, त्याची यादी मी अजून जपून ठेवली आहे.

सासूबाईंनी पुण्याहून फोनवर निदान केलं होतं की सायकलने नसा आखडल्या. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांत त्या एकट्या नव्हत्या. मंडळातल्या दोघीजणी येऊन गेल्या आणि या वयात झेपतं का असलं काही, असं माझ्याच पायांशी उभं राहून कुजबुजल्या. त्यावर सतीश थकल्या आवाजात म्हणाला, “देऊन टाकतो कुणाला तरी ती सायकल. घरात नकोच.”

माझ्याशी बोलण्यासाठी सतीशने मोठ्या अक्षरांत बाराखडीचा तक्ता केला होता. तो एकेका अक्षरावर बोट ठेवणार, हवं ते आलं की मी डोळे मिटणार. अक्षर, मग काना, मग वेलांटी. ‘पाणी’ लिहीपर्यंत माझी तहान मरायची. मुग्धाने तो तक्ता बाजूला ठेवला आणि इंग्रजी सव्वीस अक्षरांचा आणला. ही पोरगी गेली पाच वर्षं मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यावरून आमची रोज वाजायची. आता ती इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवायची आणि मी त्यातून मराठी लिहायची, आणि ती एकेक अक्षर जुळवून ते मोठ्याने वाचायची. ‘पाय दाब’ हे माझं पहिलं वाक्य. तिने तासभर पाय दाबले.

सायकल देऊन टाकायचं ऐकलं त्या दुपारी मी तिला डोळ्यांनी बोलावलं. वीस मिनिटं लागली. मध्ये दोनदा मशीन किंचाळलं, नर्स धावत आली आणि तिने आवरतं घ्यायला सांगितलं. मी आवरलं नाही. शेवटी मुग्धाने वाचलं आणि वडिलांकडे वळून म्हणाली, “बाबा, मम्मी म्हणतेय, सायकल माझी आहे. मला विचार.”

सतीश खोलीबाहेर गेला. मुग्धा माझ्याकडे बघून हसली, पहिल्यांदाच त्या अकरा दिवसांत. मला हसता येत नव्हतं, पण ते तिला कळलं असावं.

तिथल्या बऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात, नाहीतर कृतघ्नपणा होईल. लिसी माझी पावलं खाली लोंबू नयेत म्हणून टॉवेलच्या गुंडाळ्या करून तळव्यांना टेकू द्यायची. तिची ड्यूटी संपली तरी जाताना एकदा बघून जायची. एकदा तिने माझे केस धुऊन तेल लावून दोन वेण्या घातल्या. दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की हमीदभाई यायचे, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहायचे. माझी तब्येत ते कधीही विचारत नसत. सायकलची खबर द्यायचे. चेनला तेल घातलाय. टायरीत हवा हाय. आणि निघून जायचे. त्या वेळी मला याच्याहून मोठा दिलासा कुणी दिला नाही.

अंगठा

नळी निघाली आणि पुढे आठवडाभराने माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला. गव्हाच्या दाण्याएवढा. मी फिजिओथेरपिस्टला दाखवला, सतीशला, लिसीला, झाडूवाल्या बांगलादेशी मावशींनाही दाखवला. डॉक्टर खुश झाले. म्हणाले, आता तुम्ही बहुतेक चालाल. मी विचारलं, घाट कधी चढेन? त्यांनी घाट म्हणजे काय ते समजून घेतलं आणि म्हणाले, सायकल वगैरे विसरा, पोहण्याचा विचार करा.

मी म्हटलं, “डॉक्टर, मी परवानगी मागत नव्हते. किती महिने लागतील तेवढं विचारत होते.”

ते हसले आणि म्हणाले, ते मला माहीत नाही. प्रामाणिक माणूस. मला आवडला.

घरी आले ती चाकाच्या खुर्चीत. उन्हाळ्यापर्यंत कुबड्या, मग काठी. पण डावं पाऊल लोंबतंच राहिलं, त्याला पट्टी बांधावी लागायची. आणि एक गोष्ट मला काही केल्या जमेना. जमिनीवर बसले की आपली आपण उठता येईना. कुणीतरी बगलेत हात घालून उचलायचं. माझ्यासारख्या नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईला त्याची किती शरम वाटायची, ते ज्याचं जळतं त्यालाच कळेल.

एका शुक्रवारी हमीदभाई माझी सायकल घेऊन आले. सोबत लोखंडी घडवंची होती, शुवैखच्या गॅरेजमधल्या भंगारातून वेल्डिंग करून घेतलेली. मागचं चाक अधांतरी राहील अशी सायकल त्यांनी व्हरांड्यात त्यावर बसवली. मुग्धाने माझी पावलं पट्ट्यांनी पॅडलला बांधली. मी सहा फेरे मारले आणि घामाने निथळले.

सतीश दारात उभा होता. हमीदभाई गेल्यावर तो जे बोलला ते लग्नाच्या सतरा वर्षांत बोलला नव्हता. मी हट्टी आहे, मला कुणाची पर्वा नाही, पोरीचा विचार नाही. “तू मेली असतीस,” तो म्हणाला. मीही काही हातचं राखलं नाही.

“मेले नाही ना? मग जिवंत माणसासारखं वागव मला. काचेच्या बरणीसारखं उचलून ठेवू नकोस.”

तो खाली व्हरांड्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, “सुट्टीत दाखवू, असं मीच म्हणालो होतो.”

मी बांधलेल्या पायांनी सायकलवर अडकून बसले होते, मला उतरून त्याच्याजवळ जाताही येईना. मी म्हटलं, मीही म्हणाले होते, आपण दोघंही म्हणालो. त्याला ते पटलं नाही. इतके महिने मी समजत होते की हा माझ्यावर पहारा करतोय. तो स्वतःला शिक्षा करत होता, आणि त्या शिक्षेत मीही अडकले होते. हे कळल्यावर माझा राग कमी झाला, हट्ट मात्र नाही.

घाट

त्यानंतरचा एक डिसेंबर काठी टेकण्यात गेला. पुढच्या डिसेंबरात मी जाहीर केलं की मी जाणार. नंदूला मीच म्हटलं, तू येऊ नकोस, तू सोबत असलास की मी जोर लावते. सतीश म्हणाला, मी जीप घेऊन मागे राहणार, नाहीतर जायचं नाही. नंदूची जीप, वर कॅरिअर, त्यात दोन दोरखंड. सायकल चढवायला, गरज पडलीच तर. मी ते दोरखंड पाहिले आणि तोंड मिटून ठेवलं.

जाताना सोपं गेलं. जव्हारला दोन दिवस विसावा घेतला. परतीला सकाळी मोखाडा सोडलं. घाट सुरू झाला आणि मागे जीप पहिल्या गिअरमध्ये गुरगुरायला लागली. मी हळू झाले की तीही हळू. वळणावर डावा पाय डगमगला की लगेच हॉर्न. तिसऱ्या वळणापर्यंत मला माझा श्वास एकदाही ऐकू आला नाही. ज्या रस्त्यासाठी मी दोन वर्षं जिवाचं रान केलं, तो मला मिळालाच नव्हता.

मी उतरले आणि जीपच्या खिडकीशी गेले.

“सतीश, तू पुढे जा. वर जाऊन थांब.”

“आणि तू पडलीस तर?”

“तर पडेन.”

तो स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. मला वाटलं, आता हा खाली उतरून दोरखंड काढणार. मग त्याने गिअर टाकला आणि गेला. आवाज एकेका वळणाआड कमी होत होत संपला.

पुढच्या वळणावर मी पडले. फार काही नाही, डावं पाऊल पॅडलवरून सुटलं आणि मी सावकाश डावीकडे कलंडले. गुडघा खरचटला. सायकल अंगावर, रस्ता रिकामा, वर-खाली कुणी नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मी जमिनीवर होते आणि उचलायला माणूस नव्हता. मी तिथेच बसून मोठ्याने रडले. आधी भीतीने, मग संतापाने. शिव्याही दिल्या, कुणाला ते माहीत नाही.

रस्त्याच्या कडेला कठड्याचे दगड होते, पाच-सहा हात लांब. सायकल बाजूला सारून मी ढुंगणावर सरकत सरकत तिथवर गेले. पोट दगडावर टेकवलं, दोन्ही हात त्याच्या माथ्यावर, उजवा पाय मुडपून खाली घेतला आणि लोटलं. घसरले. पुन्हा लोटलं. चौथ्या खेपेला गुडघे सरळ झाले. मी उभी होते. माझी मी उभी होते. मी खाली दरीकडे बघत श्वास मोजला नाही, नुसता ऐकला.

राहिलेला घाट मी थोडा चढले, थोडा सायकल हातात धरून चालले. लाज वाटली नाही.

माथ्यावर सतीश जीपला टेकून उभा होता. किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. त्याने मला येताना पाहिलं, मग त्याची नजर माझ्या गुडघ्यावर गेली. सलवार फाटली होती, रक्त पोटरीपर्यंत ओघळून वाळलं होतं, हाताला माती होती. त्याने तोंड उघडलं. मी वाट बघत थांबले. त्याने तोंड मिटलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायले.

“मी त्र्यंबकला जाऊन जेवण सांगतो,” तो म्हणाला. “सावकाश ये.”

आणि मी काही म्हणायच्या आत तो जीप सुरू करून निघून गेला.